येऊ न शकलेल्या पाहुण्यांचा महोत्सव

डिसेंबर २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमच्या निशागंधी या खुल्या नाट्यगृहात केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन होतं. त्या वर्षीचा ‘स्पिरिट ऑफ सिनेमा’ पुरस्कार महनाझ मोहम्मदी या इराणी दिग्दर्शिकेला जाहीर झालेला, आणि ती आली नव्हती, म्हणजे येऊच शकली नव्हती. तिच्या वतीनं पुरस्कार घ्यायला अथिना राशेल त्सांगारी ही ग्रीक दिग्दर्शिका स्टेजवर गेली आणि तिनं महनाझनं पाठवलेली एक वस्तू हजारो लोकांसमोर वर धरली. ती वस्तू म्हणजे महनाझनं स्वतः कापलेली स्वतःच्या केसांची बट. तीन महिन्यांपूर्वीच, सप्टेंबरमध्ये, इराणमध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली होती, हिजाब नीट घातला नाही या कारणावरून पकडलेली बावीस वर्षांची मुलगी, आणि तिथल्या बायका रस्त्यावर उतरून केस कापत होत्या. महनाझ स्वतः तुरुंगात राहिलेली बाई. ती आली नाही पण तिचे केस आले.

मी तेव्हा रत्नागिरीत होते. तो फोटो दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बघितला, ऑफिसात, डबा खाताना, आणि नंतर बराच वेळ काम सुचलं नाही. फिल्म फेस्टिवलचे पाहुणे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, लाल गालिचा, कोणी काय घातलं होतं त्याचे फोटो, दोन मिनिटांचं भाषण, मग गाडीत बसून एअरपोर्ट. इथे जी बाई आलीच नाही तिला सगळ्यात मोठी जागा दिली होती. आमच्याकडे गणपतीत मुंबईचा भाऊ येऊ शकला नाही तर आई त्याच्या वाटणीचे मोदक बाजूला काढून ठेवते आणि दिवसभरात आलेल्या प्रत्येकाला सांगत राहते की हे त्याचे, तसं काहीतरी वाटलं मला ते बघून. आणि ठरवलं की हा महोत्सव एकदा तिथे जाऊन बघायचाच.

रत्नागिरीहून जाणं सोपंय. नेत्रावती एक्सप्रेस संध्याकाळी पकडली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास तिरुवनंतपुरम सेंट्रल. स्टेशनच्या बाहेर पडलात की तंपानूरलाच कैरळी, श्री आणि निळा ही तीन थिएटरं एकाच आवारात आहेत, तिथल्या पायऱ्यांवर महोत्सवाच्या दिवसांत गळ्यात पास अडकवलेली माणसं बसलेली असतात, हातात वेळापत्रक, त्यावर पेनानं गोल केलेले, आणि वाद चाललेला असतो. कुठला सिनेमा सोडायचा आणि कुठला बघायचा यावर इतक्या पोटतिडकीनं भांडणारी माणसं मी याआधी बघितली नव्हती. पलीकडे अजंता नावाचं एक थिएटर आहे, ते नाव वाचून उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. मुख्य केंद्र मात्र टागोर थिएटर, वळुतक्काडला. तिथंच डेलिगेटची, म्हणजे पास काढणाऱ्या प्रेक्षकांची, नोंदणी, पुस्तकं, चहा, सगळं.

थोडी माहिती द्यायला हवी, कारण आपल्याकडे अनेकांना हा महोत्सव फक्त नावानं माहीत असतो. १९९६ साली कोळिकोडला सुरू झाला, नंतर तिरुवनंतपुरमला स्थिरावला, आणि १९९८ मध्ये केरळ सरकारनं चलच्चित्र अकादमी काढल्यावर ती तो भरवायला लागली. म्हणजे हा राज्य सरकारचा महोत्सव आहे, केंद्राचा तो आपला गोव्यातला इफ्फी, २००४ पासून पणजीत भरतो तो. केरळचा दर डिसेंबरात आठवडाभर चालतो, पास हजार-बाराशे रुपयांच्या आसपास, विद्यार्थ्यांना निम्म्यात, दहा हजारांच्या वर डेलिगेट असतात. मुख्य बक्षीस सुवर्ण चकोरम, आणि त्यावरचा पक्षी इंग्रजी नावावरून बघितलं तर आपला भारद्वाज. प्रेक्षक स्वतः मतदान करून एका सिनेमाला रजत चकोरम देतात आणि त्या मताची किंमत लोकांना इतकी आहे की शेवटच्या दोन दिवसांत रांगेत दुसरा विषयच नसतो.

आता पाहुण्यांबद्दल. माझ्या मते या महोत्सवाचे पाहुणे समजून घ्यायचे असतील तर किम की-डुक या कोरियन दिग्दर्शकापासून सुरुवात करावी लागते. २००५ मध्ये या महोत्सवात त्याच्या सिनेमांचा एक पूर्ण विभाग दाखवला गेला आणि केरळ त्याच्या प्रेमात पडलं, म्हणजे सीडी फिरल्या, गावोगावच्या फिल्म सोसायट्यांनी दाखवले, कॉलेजातल्या पोरांनी पाठ केले. २०१३ मध्ये तो स्वतः तिरुवनंतपुरमला आला तेव्हा रस्त्यात, थिएटरात, हॉटेलाबाहेर, जिथं जाईल तिथं लोकांनी त्याला गराडा घातला. स्वतःच्या देशात ज्याचे सिनेमे फार कोणी बघायला जात नव्हतं असा माणूस, आणि इथं त्याच्याभोवती सुपरस्टारभोवती असते तेवढी गर्दी. गंमत म्हणजे त्याच वर्षी जीवनगौरव कोणाला होता, तर कार्लोस सौराला! स्पेनचा एवढा मोठा दिग्दर्शक. पण गर्दी कोणासाठी जमायची हे आयोजकांच्या हातात नसतं, ते आठ वर्षं आधी अंधारात बसून सिनेमा बघितलेल्या माणसांनी ठरवलेलं असतं.

किमबद्दल लिहिताना पुढचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१८ मध्ये त्याच्यासोबत काम केलेल्या अभिनेत्रींनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप केले. ११ डिसेंबर २०२० ला तो लॅटव्हियात कोविडनं गेला. ज्या गर्दीत तेव्हा असण्याची इच्छा मला झाली असती त्या गर्दीकडे आता बघताना मन दोन्हीकडे ओढलं जातं. रांगेत भेटलेल्या एका मुलाला मी हे विचारलं, तो म्हणाला की आमच्याकडे यावर अजून भांडणं होतात, काही लोकांनी डीव्हीडी फेकून दिल्या, काहींनी नाही. भांडणं होतात हे ऐकून मला बरं वाटलं, खरं सांगते. गप्प राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

बाकी पाहुण्यांची यादी बघितली तर थक्क व्हायला होतं. २०१० ला वर्नर हर्झॉग, २०१५ ला इराणचा दारियुश मेहरजुई, २०१६ ला चेक दिग्दर्शक यिरी मेन्झेल, २०१७ ला रशियाचा सोकुरोव, २०१९ ला अर्जेंटिनाचा फर्नांदो सोलानास, २०२२ ला हंगेरीचा बेला तार, २०२३ ला पोलंडचा झानुसी, २०२४ ला हाँगकाँगची अ‍ॅन हुई. यातला मेन्झेल आणि सोलानास दोघंही २०२० मध्येच गेले, किम गेला त्याच वर्षी. मेहरजुईची आणि त्याच्या बायकोची ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या घरात हत्या झाली. म्हणजे त्या वर्षी मी पहिल्यांदा निशागंधीच्या पायऱ्यांवर बसले तेव्हा दोनच महिने झालेले, आणि शेजारी बसलेल्या चेच्चींनी मला स्टेजचा एक कोपरा दाखवून सांगितलं की मेहरजुई इथं उभा होता, मी बघितलाय.

या चेच्ची म्हणजे माझं तिथलं सगळ्यात मोठं संचित. मी आपली ‘मॅडम’ म्हणायला गेले तर त्या म्हणाल्या चेच्ची म्हण, म्हणजे ताई. सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या, कॉटनची साडी, कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, पळम्पोरी म्हणजे केळ्याची भजी आणि महोत्सवाचं जाडजूड कॅटलॉग, ज्याच्या समासात पेन्सिलीनं मल्याळममध्ये बारीक अक्षरात टिपणं. नोकरीत होत्या तेव्हा वर्षाची सगळी रजा डिसेंबरसाठी साठवायच्या, मुलांच्या आजारपणात सुद्धा बिनपगारी रजा घेतली पण ती रजा नाही मोडली म्हणाल्या. सकाळी नऊचा शो पकडायच्या, रात्री निशागंधीचा शेवटचा संपवून घरी जायच्या. मध्ये दोन सिनेमांच्या गॅपमध्ये कट्टन चाया, म्हणजे बिनदुधाचा चहा, उभ्या उभ्या, आणि तेवढ्यात आधीच्या सिनेमाची पूर्ण चिरफाड. त्यांच्याशी हिंदी-इंग्रजी-खाणाखुणा असं काहीतरी मिळून बोलणं व्हायचं आणि तरी मला कधी अडल्यासारखं झालं नाही. मी त्यांना विचारलं की तुम्ही सिनेमा शिकलात का कुठं, तर म्हणाल्या गावात फिल्म सोसायटी होती ना, वडील न्यायचे.

तर हे फिल्म सोसायटीचं प्रकरण. मल्याळम दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून १९६५ मध्ये परत गेले आणि मित्रांबरोबर त्यांनी तिरुवनंतपुरमला चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली. तिथून पुढे केरळभर अशा सोसायट्या निघाल्या, वाचनालयांना जोडून, शाळेच्या हॉलमध्ये, सोळा एमएमच्या प्रोजेक्टरवर. मग जॉन अब्राहम आला, हिंदीतला नट नव्हे, मल्याळम दिग्दर्शक, तो पण पुण्याचाच विद्यार्थी, बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी १९८४ मध्ये ओडेसा नावाचा गट काढला, गावोगाव सिनेमे दाखवून लोकांकडून पैसे जमवले आणि त्या पैशातून १९८६ मध्ये स्वतःचा सिनेमा पूर्ण केला. म्हणजे प्रेक्षकच निर्माता. पुढच्याच वर्षी तो गेला, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. हे सगळं आधी झालंय म्हणून २०१३ मध्ये किमच्या मागे रस्त्यावर लोक धावले. महोत्सव आला १९९६ मध्ये, प्रेक्षक त्याच्या तीस वर्षं आधीपासून तयार होत होता.

आणि हे लिहिताना मला एक गोष्ट सतत टोचते की यातलं निम्म्याहून अधिक आपल्या पुण्यातून गेलंय. अडूर, जॉन, महोत्सवाच्या कितीतरी वर्षं कलात्मक दिग्दर्शक राहिलेल्या संकलक बीना पॉल, साउंडसाठी ऑस्कर मिळवलेले रसूल पूकुट्टी, सगळे एफटीआयआयचे. उलट दिशेनं बघायचं तर पी. के. नायर, जन्म तिरुवनंतपुरमचा, १९३३ सालचा, सिनेमाच्या वेडापायी महाराष्ट्रात आले, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते त्यांनी अक्षरशः डबा डबा जमवून उभं केलं. दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमांचे जे तुकडे आज आपण बघतो ते वाचले त्यात या मल्याळी माणसाचा फार मोठा हात आहे, आणि केरळचा ‘मार्तंड वर्मा’ हा १९३३ चा मूकपट पण त्यांनीच मिळवून पुण्याच्या संग्रहात आणला. २०१६ च्या मार्चमध्ये ते पुण्यातच गेले. मी चेच्चींना हे सांगायला लागले तर त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनाच काय, मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरीला पण माहीत होतं. आपल्याकडे कोथरूडच्या कितीजणांना माहीत असेल? प्रभात रोड, लॉ कॉलेज रोड हाकेच्या अंतरावर. मी आरोप म्हणून नाही म्हणत, वाईट वाटतं म्हणून म्हणते.

पुन्हा पाहुण्यांकडे येते. ‘स्पिरिट ऑफ सिनेमा’ पुरस्कार महनाझच्या आधी, म्हणजे २०२२ च्या मार्चमध्ये (कोविडमुळे ढकललेला महोत्सव तेव्हा झाला, म्हणून त्या एका वर्षात दोन महोत्सव झाले), पहिल्यांदा दिला तो लिसा चालान या कुर्दी दिग्दर्शिकेला. २०१५ च्या जूनमध्ये तुर्कस्तानातल्या दियारबाकिरला एका सभेत बॉम्बस्फोट झाला, त्यात तिचे दोन्ही पाय गेले. ती आली, स्टेजवर आली, पुरस्कार घेतला. आणि त्याच संध्याकाळी, कार्यक्रमपत्रिकेत नाव नसलेली एक पाहुणी स्टेजवर आली, मल्याळम अभिनेत्री भावना. २०१७ मध्ये तिच्यावर झालेला अत्याचार, त्यानंतरचा वर्षानुवर्षं चाललेला खटला, आणि तेव्हा नुकतंच, त्याच जानेवारीत, तिनं स्वतः पुढे येऊन ती पीडित अभिनेत्री मीच असं सांगितलेलं. जिला त्या इंडस्ट्रीत कितीतरी वर्षं नीट उभं राहू दिलं नव्हतं ती त्याच इंडस्ट्रीच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर उभी राहिली. तो व्हिडिओ मी नंतर बघितला. टाळ्या थांबतच नाहीत. प्रमुख पाहुणा अनुराग कश्यप होता त्या दिवशी, पण त्या संध्याकाळचं म्हणून जे लोकांच्या लक्षात राहिलंय ते या दोन बायका.

आता कोणी म्हणेल हे सगळं सरकारी प्रतीकवाद आहे. मला तसं नाही वाटत, निदान पूर्ण नाही. कारण तिथला प्रेक्षक आयोजकांना मोकळं सोडत नाही. २०२२ च्या डिसेंबरात रिझर्वेशनच्या गोंधळावरून, एका गाजलेल्या मल्याळम सिनेमाच्या शोला लोकांना आत जाता आलं नाही यावरून निदर्शनं झाली, पोलिस केस झाली, आणि समारोपाला अकादमीच्या अध्यक्षांचं भाषण सुरू झाल्यावर डेलिगेट्सनी मोठमोठ्यानं ओरडून निषेध केला. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये हेमा समितीचा अहवाल बाहेर आला, मल्याळम सिनेमात बायकांना काय काय सोसावं लागतं त्याचा, सरकारकडे साडेचार वर्षं पडून असलेला, आणि त्यानंतर उठलेल्या आरोपांमुळे त्याच अध्यक्षांना पद सोडावं लागलं. भावनाला स्टेजवर आणणारी संस्था आणि ही संस्था एकच आहे. दोन्ही खरं आहे. त्या डिसेंबरात मी ओपन फोरमला बसले होते, टागोरच्या आवारात मांडव घालून रोज चर्चा होते ती, आणि एक विशीतली मुलगी माईक घेऊन उभी राहिली, सरळ मल्याळममध्ये बोलायला लागली, हात थरथरत होता पण आवाज नाही. मला शब्द कळत नव्हते, चेच्ची कानात थोडं थोडं सांगत होत्या. ती विचारत होती की अहवालात ज्यांनी साक्ष दिली त्या बायकांना नंतर काम मिळालं का, याचं उत्तर कोण देणार. स्टेजवरचा माणूस काहीतरी सर्वसाधारण बोलायला लागला तर मांडवातून आवाज आले, प्रश्नाचं उत्तर द्या. पुन्हा तो फिरवून बोलला, पुन्हा तेच आवाज. शेवटी म्हणाला, नाही, सगळ्यांना मिळालं नाही. ती मुलगी म्हणाली एवढंच ऐकायचं होतं आणि खाली बसली. चेच्चींनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

२०२३ च्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे नाना पाटेकर होते. मराठी माणूस म्हणून ऊर भरून आला, यात लपवायचं काही नाही. पण त्याच वर्षी ‘स्पिरिट ऑफ सिनेमा’ केनियाच्या वानुरी काहियुला मिळाला आणि मी तिच्याबद्दल नंतर शोधून शोधून वाचलं. तिचा सिनेमा दोन मुलींच्या प्रेमाचा, २०१८ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाला गेलेला केनियाचा पहिला सिनेमा, आणि तिच्याच देशात त्यावर बंदी! कोर्टात जाऊन तिनं सात दिवसांपुरती ती उठवून घेतली. सगळ्या जगानं बघितलेला सिनेमा घरच्यांना दाखवायला कोर्टात जावं लागतं. महनाझ, लिसा, वानुरी, तिघींना एका ओळीत ठेवलं की कळतं की हा पुरस्कार नेमका कोणासाठी काढलाय.

न आलेल्या पाहुण्यांमध्ये अजून एक, सगळ्यात मोठं नाव, फ्रेंच दिग्दर्शक जाँ-ल्यूक गोदार. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महोत्सव कोविडमुळे एका शहरात न भरवता तिरुवनंतपुरम, कोची, तलश्शेरी आणि पालक्काड असा चार ठिकाणी भरवला, आणि जीवनगौरव गोदारला दिला. वय नव्वद, तो कुठून येणार. त्याच्या वतीनं पुरस्कार घेतला अडूर यांनी. मग त्याची ऑनलाइन मुलाखत झाली, स्वित्झर्लंडमधल्या घरातून, तोंडात सिगार, समोर समीक्षक सी. एस. वेंकिटेश्वरन प्रश्न विचारतायत. त्यात तो म्हणाला की अजून दोन स्क्रिप्ट आहेत माझ्याकडे, ते झाले की मी सिनेमाला निरोप देणार. ही बातमी जगभर छापून आली, न्यूयॉर्क, पॅरिस, सगळीकडे, आणि ती आली केरळमधून! दीड वर्षानं, सप्टेंबर २०२२ मध्ये, तो गेला. ती मुलाखत मी अधूनमधून लावते अजून. मध्येच कनेक्शन अडखळतं, तो थांबतो, सिगार पेटवतो, आणि इकडे कोणी घाई करत नाही.

२०२४ चा समारोप मात्र मी विसरू शकत नाही, कारण तो माझ्या घराशी येऊन पोचला. त्या वर्षीचा ‘स्पिरिट ऑफ सिनेमा’ पायल कपाडियाला. मुंबईची मुलगी, एफटीआयआयची, २०१५ च्या १३९ दिवसांच्या विद्यार्थी संपात पुढे असलेली, आणि मे महिन्यात कानला ग्राँ प्री घेऊन आलेली. ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ मध्ये मुंबईत काम करणाऱ्या दोन मल्याळी नर्स आहेत, आणि त्यांच्या हॉस्पिटलातली स्वयंपाकीण पार्वती, म्हणजे आपल्या छाया कदम, जिचं मुंबईतलं घर बिल्डर घेतो म्हणून ती गावाला परत निघते. गाव कुठलं, तर रत्नागिरीकडचं. त्या दोघी तिला सोडायला कोकणात येतात. मी हा सिनेमा आधी इथं बघितला होता, पण तिथं, हजारभर मल्याळी माणसांत बसून बघताना पहिला अर्धा भाग त्यांचा होता, त्यांच्या मुली, त्यांची भाषा, ती ट्रेनमधली एकटेपणाची बडबड, त्यांना हसू कुठं येतंय आणि गप्प कुठं होतायत हे मला सबटायटल वाचून कळत होतं. आणि मग पडद्यावर लाल माती आली, ते चिऱ्याचं घर, समुद्र, छाया कदम मराठीत बोलायला लागल्या आणि मी एकटी, सबटायटलच्या आधी हसले. बाजूच्या दोघांनी वळून बघितलं. चेच्चींनी त्यांना मल्याळममध्ये काहीतरी सांगितलं, त्यातला ‘रत्नागिरी’ तेवढा कळला. शो संपल्यावर पायऱ्या उतरताना चार-पाच जण येऊन विचारायला लागले, तिथं खरंच इतकी शांतता असते का, छाया कदम यांची आधीची कामं कुठली बघायची, तुमच्याकडे हा सिनेमा किती दिवस चालला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जड गेलं. केरळमध्ये तो सप्टेंबरमध्येच, देशात सगळ्यात आधी, मल्याळम नावानं थिएटरला लागला होता. ज्या किनाऱ्यावर अर्धी गोष्ट घडते त्या किनाऱ्यावरच्या किती माणसांनी तो मोठ्या पडद्यावर बघितला?

त्याच वर्षी प्रेक्षकांनी रजत चकोरम दिला ‘फेमिनिची फातिमा’ला. पोन्नानीची एक गृहिणी, पोरानं ओली केलेली जुनी गादी, आणि तिला नवी गादी हवीय, एवढीच गोष्ट! नवरा धर्मगुरू, तो देत नाही. पूर्ण थिएटर हसत होतं, बायका जास्त, आणि ते हसणं मला फार ओळखीचं वाटलं. मोठे मोठे परदेशी पाहुणे येऊन गेले, पण चेच्चींचं मत या गादीला.

आणि पाहुणे फक्त माणसंच नसतात. महोत्सवात सेन्सॉर सर्टिफिकेट नसलेले सिनेमे दाखवायचे तर केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. एरवी हे कागदोपत्री काम. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ज्यूरीनं निवडलेले दोन सिनेमे मंत्रालयानं यादीतून काढले, एक मल्याळम ‘एस दुर्गा’ आणि दुसरा आपल्या रवी जाधवांचा ‘न्यूड’. ज्यूरीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. म्हणजे केरळ आणि महाराष्ट्र त्या वेळी एकाच दारात अडले होते. २०२५ च्या डिसेंबरात, महोत्सवाच्या तिसाव्या वर्षी, सुरुवातीला १९ सिनेमांना ही सूट मिळाली नाही, त्यात पॅलेस्टाइनवरचे होते, आणि त्यात ‘बॅटलशिप पोटेमकिन’ सुद्धा! १९२५ चा सिनेमा, जगभरच्या फिल्म स्कूलमध्ये पहिल्या वर्षाला दाखवतात तो, पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या दाखवलेला. गदारोळ झाल्यावर बऱ्याच सिनेमांना नंतर परवानगी आली, काहींना शेवटपर्यंत नाही. मी त्या वेळी इथंच होते, आईचं ऑपरेशन होतं म्हणून जाता आलं नाही. चेच्चींचे व्हॉट्सअॅपवर मेसेज येत होते, कुठला शो रद्द, कुठला लागला, कुठं निषेधाला उभे राहिलोय. एका मेसेजमध्ये फक्त वेळापत्रकाचा फोटो, रद्द झालेल्या शोवर त्यांनी काट मारली नव्हती, पेन्सिलीनं गोल तसाच ठेवला होता.

पुण्यात दर जानेवारीत डॉ. जब्बार पटेल यांनी २००२ पासून उभा केलेला पिफ हा चित्रपट महोत्सव होतो, मुंबईत थर्ड आय होतो, कोल्हापूरला, संभाजीनगरला होतात, आणि तिथं काम करणारी माणसं जीव ओतून करतात हे मी बघितलंय. सिनेमे तिथेही उत्तम असतात. मला हवंय ते एवढंच की आपल्या तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा एक पडदा लागावा, सोळा एमएम गेला, आता तर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप पुरतो. आमच्याकडे आम्ही सात-आठ जणींनी वाचनालयाच्या वरच्या खोलीत हे सुरू केलंय, पहिल्यांदा छाया कदम यांचा हाच सिनेमा लावायचा होता, रीतसर परवानगीसाठी पत्र पाठवलंय, उत्तराची वाट बघतोय. तोवर ज्यांना डिसेंबरात तिरुवनंतपुरमला यायचंय त्यांनी नोव्हेंबरमध्ये डेलिगेट नोंदणीवर लक्ष ठेवा, राहायची सोय तंपानूरजवळ बघा म्हणजे पहिला शो चालत गाठता येतो, आणि नेत्रावतीचं तिकीट दोन महिने आधीच काढा, नाताळाच्या तोंडावर ती गाडी लवकर भरते.